माणसं झाकून

पायऱ्या मी ओळखल्या, आणि ओळखल्याबरोबर वाटलं की हे आपल्याला कळायला नको होतं. बस ड्यूक स्ट्रीटवरून रखडत चालली होती. मांडीवर आईसाठी घेतलेली पिशवी, तिच्यात दोन जोड लोकरी मोजे आणि दातांना चिकटणार नाही अशी मऊ टॉफी. फोन थरथरला म्हणून सहज काढला, तर डोरीनचा मेल. ‘फर्गस, तुझ्या फोटोची मूळ निगेटिव्ह सापडली. संग्रहालयाने परवा स्कॅन केली. सोबत पाठवते आहे. एकटा असशील तेव्हा बघ.’ बसमध्ये माणूस एकटाच असतो, असं मनाशी म्हणून मी ती उघडली. तीच सपाट बुडाची होडी, तिच्या उघड्या तोंडातून गुडघाभर पाण्यात उड्या घेणारे तेच आठ कमांडो, तोंडं काजळीने काळी केलेली, डोक्याला विणलेल्या टोप्या. डावीकडून तिसरा माझा मामा, लॅची, टोपीतून एक कान बाहेर आलेला. हे सगळं मला पाठ आहे. पण त्यांच्या मागे, जिथे अकरा वर्षं मी तीन उंचवट्यांचा डोंगर आणि त्यातली खाच बघत आलो, तिथे डोंगरच नव्हता. तिथे सिमेंटची लांब भिंत होती, भिंतीवर कपडे बदलायच्या खोल्यांची रांग, आणि भिंतीतून समुद्रात उतरणाऱ्या सात पायऱ्या. खालून दुसरीचा कोपरा फुटलेला. त्या फुटक्या पायरीवर मी चार वर्षांचा असताना पत्र्याची बादली घेऊन बसलो होतो, अंगात आजीने विणलेला, ओला झाला की गुडघ्यापर्यंत लोंबणारा पोहण्याचा पोशाख घालून. तो फोटो आईच्या खोलीत कपाटावर उभा आहे. आर्डवेअर. दर जुलैत, फेअरच्या सुट्टीत, अर्धं ग्लासगो जिथे पाय ओले करायला जायचं ते आर्डवेअर, आगगाडीने पन्नास मिनिटं. माझा थांबा आला, दार उघडलं, मिटलं, आणि मी जागचा हललो नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणी म्हणालं तर मला हसावंच लागेल. आम्ही चौघं दर मंगळवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमतो. डोरीन तिथलीच निवृत्त ग्रंथपाल. मी एकतीस वर्षं रस्तेखात्यात मोजणीदार होतो. बाकीचे दोघे येतात, चहा पितात, कधीकधी उपयोगी पडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कमांडोंना इकडच्या डोंगरांत आणि किनाऱ्यांवर तयार करत, आणि सैन्याचे फोटोवाले त्यांचे फोटो काढत. फोटोंच्या पाठीवर एकच ओळ, ‘स्कॉटलंडमध्ये कुठेतरी’. त्या कुठेतरीला गावाचं, ओढ्याचं, खडकाचं नाव द्यायचं हे आमचं काम. लोक पाठवतात, बापाचे, आजोबांचे, काकांचे. आम्ही डोंगरांच्या कडा नकाशाशी जुळवतो, सावल्यांवरून वेळ काढतो, मग मी बूट चढवून जातो आणि जिथे फोटोवाला उभा होता तिथे उभा राहतो. माझा एक नियम आहे, मीच घालून दिलेला, बाकीच्यांनी मुकाट मानलेला. फोटो हातात आला की पहिल्यांदा माणसं झाकायची. जाड काळ्या पुठ्ठ्यातून माणसांच्या आकाराचे तुकडे कापायचे आणि त्यांच्यावर ठेवायचे. कारण माणूस दिसला की डोळा त्याच्याकडे जातो, त्याचं तोंड, त्याची भीती, त्याचं हसू, आणि मग तुम्ही मागचं नीट बघत नाही. माणसं खोटं बोलतात, डोंगर बोलत नाहीत, असं मी नवीन आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचो. डोरीन एकदा म्हणाली होती, ‘फर्गस, तुझ्या लग्नातले फोटो पण असेच बघतोस का रे?’ सगळे हसले, मीही हसलो, बायको तोवर निघून गेलेली होती.

आणि मी दयामाया दाखवत नसे. डंडीच्या एका कुटुंबाने बापाच्या नावाची पितळी पट्टी एका खडकावर ठोकली होती, दोरावरून उतरताना तो तिथे पाय घसरून पडून मेला म्हणून. वीस वर्षं ते लोक तिथे जाऊन सँडविच खायचे. मी नकाशा काढला, सावली मोजली आणि त्यांना पत्र लिहिलं की तुमचा खडक चारशे मीटर चुकला आहे. त्यांच्या मुलीने उलट पत्र पाठवलं, दोनच ओळींचं. पट्टी काढली आहे, नवी लावणार नाही, आई आता तिकडे येत नाही म्हणते. ते पत्र मी मंगळवारी सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. डोरीन म्हणाली, ‘राहू द्यायचं होतंस.’ मी म्हटलं, ‘चूक ती चूक.’ त्या दिवशी मी पोटभर जेवलो होतो, हेही आठवतं. आता बसच्या खिडकीवर डोकं टेकवून बसलो, काचेची थरथर दातांत जाऊ दिली, आणि मला त्या डंडीच्या बाईचं नावही आठवेना.

लॅचीचा फोटो मात्र मी कुणाच्या पाकिटातून घेतला नव्हता, तो आमच्याच घरात बिस्किटाच्या डब्यात होता. आजीने एका सचित्र साप्ताहिकातून कापलेला, घड्या पडून मधोमध फाटलेला. त्याच डब्यात सैन्याचं पत्र. वीस जुलै एकोणीसशे त्रेचाळीसला प्रशिक्षण चालू असताना बुडून मृत्यू, देह मिळाला नाही, ठिकाण सांगता येत नाही. लढाई संपल्यावरही कुणी सांगितलं नाही. विचारायला गेलं की एक कचेरी दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवायची, आणि आजी त्या बोटांमागे फिरत फिरत म्हातारी होऊन मेली. माझी आई, एफी, तेव्हा चौदा वर्षांची होती, लॅची वीसचा. भावाबद्दल ती फारसं बोलायची नाही. पण मी लहान असताना एकदा, कपडे पिळता पिळता, माझ्याकडे न बघताच म्हणाली होती, ‘कुठे आहे तो, तेवढं कळलं तरी पुरे झालं असतं.’ मी मोजणीदार झालो तो याच्यासाठी असं म्हणणं नाटकी होईल, तसं काही नव्हतं. पण निवृत्त व्हायच्या आधीच मी संग्रहालयातून त्या फोटोची चांगली प्रत मागवली होती. तिच्या पाठीवर शिक्का होता, वीस जुलै, सकाळ. म्हणजे ज्या दिवशी तो बुडाला त्याच दिवसाचा फोटो. या आठ जणांच्या पायाखाली जे पाणी होतं त्यातच तो गेला. मी माणसं झाकली, लॅचीला सगळ्यांत आधी, आणि डोंगराकडे बघायला लागलो.

चौदा वेळा मी उत्तरेला गेलो. शेवटी लॉख ड्रुइन नावाच्या गोड्या पाण्याच्या तळ्याकाठी, दगडांवर उभं राहून, पायांना मुंग्या आल्या असताना, मला तो डोंगर दिसला. पहिला उंचवटा बसला, दुसरा बसला, खाच तंतोतंत. तिसरा जरासा कमी पडत होता. डोरीनने नकाशावर बोट ठेवून तेव्हाच म्हटलं होतं, ‘तिसरा बसत नाही, फर्गस.’ मी तिला साठ वर्षांच्या पावसाबद्दल सांगितलं, दरड खाली येते त्याबद्दल सांगितलं, भिंगांच्या दोषाबद्दल सांगितलं. वर असंही म्हणालो की तू पुस्तकं लाव, डोंगर मला बघू दे. तिने नकाशाची घडी घातली. मी आईला घेऊन गेलो. ती तेव्हा शहात्तर वर्षांची होती, पायात रबरी बूट, डोक्याला रुमाल, हातात बागेतली फुलं वर्तमानपत्रात गुंडाळलेली. पाण्याशी गेली, वाकून हात बुडवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, ‘केवढं गार आहे रे. या थंडीत माणूस खराब होत नाही, नाही का?’ मी म्हटलं, खोल तळ्यात खाली वर्षभर थंडीच असते. ‘म्हणजे तो असेल. जसा होता तसा असेल,’ ती म्हणाली. परतताना गाडीत ती गाणं गुणगुणली. मी तिला गुणगुणताना ऐकलं ते बाप वारल्यानंतर पहिल्यांदा. माझ्या आयुष्यात मी कुणाला काही दिलं असेल तर ती दुपार दिली, असं मी आज अडीच वाजेपर्यंत मानत होतो.

नंतर दर वर्षी आम्ही जायचो. आणि एका वर्षी परत आल्यावर तिने सांगितलं की तिची रक्षा तिथे सोडायची, लॅचीजवळ. आमच्या लोकांत कबरीच्या जागेचा कागद सोन्यापेक्षा जपून ठेवतात. रिड्री पार्कच्या दफनभूमीत आमची एक जागा आहे, तिघांची, एकाच्या वर एक. सगळ्यांत खाली माझे आजोबा, त्यांच्यावर माझा बाप सँडी, आणि वरची जागा आईची. लग्नाच्या वेळी सासऱ्याने तो कागद तिच्या हातात दिला होता, ही तुझी, म्हणून. ती जागा तिने नेटीआत्याला देऊन टाकली. नेटीला कुणी नव्हतं, नगरपालिकेच्या खर्चाने पुरतील म्हणून ती रात्ररात्र रडायची. आई म्हणाली, ‘घे बाई, माझी सोय झाली आहे.’ चार वर्षांपूर्वी नेटी माझ्या बापाच्या अंगावर झोपली आणि दगडावर तिचं नाव चढलं. कबर भरली. त्या दिवशी थडग्यापाशी आई माझ्या दंडाला धरून उभी होती आणि हळूच म्हणाली, ‘सँडी रागावला असता. पण लॅची कधीपासून एकटा आहे.’ मी मान हलवली. मोजणी माझी होती, मान हलवायचा अधिकार माझाच होता.

बस डेपोपाशी थांबली. ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, ‘आजोबा, उतरताय की मुक्काम आहे?’ मी उतरलो. मार्चचं कोरडं ऊन, वारा कानात जाणारा. निवाऱ्याच्या बाकावर बसून फोटो पुन्हा उघडला आणि या वेळी, का कोण जाणे, मागचं काही बघितलंच नाही. माणसं बघितली. लॅचीच्या पाण्यातून वर उचललेल्या उजव्या बुटाला काहीतरी गुंडाळलेलं होतं, काळपट, पट्ट्यापट्ट्यांचं. बोटांनी मोठं केलं. समुद्रशेवाळ. ते फुग्याफुग्यांचं, जे आम्ही पोरं पायाखाली फोडत आर्डवेअरच्या दगडांवरून फिरायचो. गोड्या पाण्याच्या तळ्यात ते उगवत नाही, शेंबड्या पोरालाही कळतं. ही निगेटिव्ह आत्ता सापडली असेल, पण संग्रहालयाची ती छापील प्रत अकरा वर्षं माझ्या टेबलावर होती. तिच्यातही हा बूट होता, त्याच्यावर हे शेवाळ होतं, आणि त्याच्यावर माझा पुठ्ठा होता. सेन्सॉरच्या कचेरीत बसलेल्या कुणीतरी प्रतीवर कुंचल्याने डोंगर रंगवला, भिंत आणि पायऱ्या लपवायला. असे लोक टोप्यांवरचे बिल्ले पुसत, रस्त्यांवरच्या पाट्या पुसत, हे आम्हाला माहीत होतं. अख्खा डोंगर कुणी रंगवेल असं मनात आलं नव्हतं. चांगला हात होता त्याचा. खाचसुद्धा दिली होती त्याने, कदाचित जेवणाच्या सुट्टीआधी हातासरशी. त्याला मी दोष देत नाही. त्याने खोटा डोंगर काढला, त्याला खरा डोंगर शोधून देणारा मी. तेवढ्या चित्रात खरी होती ती माणसंच, आणि ती मी झाकून ठेवली.

डोरीनला फोन लावला. तिने पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे ती हातात धरूनच बसली असणार.

‘बघितलंस?’

‘आर्डवेअर आहे,’ मी म्हटलं.

‘मला नाव माहीत नव्हतं. समुद्र आहे एवढं कळलं.’ मग, ‘कुठे आहेस?’

‘डेपोत. आईकडे निघालो होतो.’

‘फर्गस, ऐक. डॉक्टर काय म्हणाले ते तूच मला सांगितलंस. महिना, फार तर दीड. तिला तशीच जाऊ दे, काही सांगू नकोस.’

‘आणि मग मी तिला त्या तळ्यात सोडू? जिथे तिचं कुणी नाही?’

‘तिच्या दृष्टीने आहे.’

‘पण नाही आहे, डोरीन.’

‘तुला माहीत आहे, मला माहीत आहे. मी हा मेल पुसून टाकते, तू पुसून टाक. मंगळवारी आपण दुसऱ्या कुणाचा तरी फोटो हातात घेऊ. वचन दे.’

‘नाही सांगणार,’ मी म्हटलं.

‘तुझं ते “नाही सांगणार” मला माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘डंडीच्या वेळी पण असंच म्हणाला होतास.’ आणि तिने फोन ठेवला.

मी चालत निघालो. दीड मैल असेल, उताराचा. वाटेत भाजीवाला, जुगाराचं दुकान, तीन केशकर्तनालयं, कुणी मेलं तरी या रस्त्याला काही होत नाही. चालताना मला सारखं तळ्याचं पाणी आठवत होतं, त्याचा तपकिरी रंग, त्याचं न हलणं. तळ्याला काठ असतो, चारी बाजूंनी. त्याच्यात गेलेला माणूस त्याच्यातच असतो. समुद्रात गेलेल्याला ठिकाण नसतं. लॅची आर्डवेअरच्या पायऱ्यांशी बुडाला हे खरं, पण तो तिथे नाही. तो दोन तासांत ओहोटीबरोबर बाहेर गेला असेल, आणि मग आयर्लंडकडे, किंवा कुठेही, किंवा तुकड्यातुकड्याने सगळीकडे. म्हणजे आईला ‘तिथे नाही’ म्हणून सांगायचं, तर ‘इथे आहे’ असं दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. तळं काढून घ्यायचं आणि त्या बदल्यात हातात काही द्यायचं नाही. कबरही नाही, ती नेटीने भरली. हे सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मी मूर्ख नाही. आणि तरीही दुसरं एक काही आत हलत होतं, जुनं, ओळखीचं. जुळलेला फोटो कुणाला तरी दाखवल्याशिवाय माझ्याने राहवत नाही, दाताला लागलेल्या तारेसारखं ते होतं, जीभ तिथेच जाते. एका क्षणात ओळखलं मी, असं मला कुणाला तरी सांगायचं होतं. फुटका कोपरा, सात पायऱ्या. मला स्वतःची किळस आली, पण पाय थांबले नाहीत.

केअर होमच्या दारात वही आहे, तीत नाव आणि वेळ लिहावी लागते. मी चार वाजून दहा मिनिटं लिहिली. आई खिडकीजवळ खुर्चीत होती, गुडघ्यावर चौकटीची शाल. गेल्या आठवड्यापेक्षा हातांवरची कातडी जास्त सैल वाटली.

‘उशीर?’ ती म्हणाली. ‘बसमध्ये झोपलास की एखादी बाई भेटली?’

‘झोपलो.’

‘मग बाई भेटण्याची आशा सोडलीस म्हणायची आता.’ तिने पिशवीत हात घातला, टॉफी काढून उशीखाली ठेवली. ‘ती लठ्ठ पोरगी चोरते. काम चांगलं करते म्हणून बोलत नाही मी. मोजे कशाला आणलेस एवढे? दोन जोड? मला पाय तरी किती दिवस आहेत?’

‘आई.’

‘बरं बरं.’ ती बाहेर बघायला लागली. बाहेर मोटारी उभ्या करायची जागा, पलीकडे भिंत. ‘तिकडे वर बर्फ असेल अजून. ड्रुइनला.’

‘असेल, डोंगरावर.’

‘काठावरून टाकू नकोस मला. वारा उलटा आला की तोंडावर येतं सगळं, शेजारच्या मार्गारेटच्या नवऱ्याचं तसंच झालं, सगळ्यांच्या डोळ्यांत गेला मेला. गुडघ्यापर्यंत आत जा. बूट आहेत ना तुझे?’

‘आहेत.’

‘आणि बोलत बसू नकोस काही. लॅचीला भाषणं आवडायची नाहीत. एफी आली, एवढंच सांग.’

मी तिच्याकडे बघत होतो. तिच्या तोंडावर एक प्रकारचं समाधान होतं, घर आवरून दाराला कुलूप लावलेल्या बाईसारखं. एवढंच करायचं होतं मला, हो म्हणायचं, शाल नीट करायची, चहा मागवायचा. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. ‘तो तिथे नाही, आई,’ मी म्हणालो.

तिला आधी ऐकू आलं नाही असं वाटलं. मग ती म्हणाली, ‘काय?’

आणि मी सांगायला लागलो. एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही. निगेटिव्ह, प्रत, सेन्सॉर, कुंचला, तिसरा उंचवटा का बसत नव्हता, शेवाळ गोड्या पाण्यात का उगवत नाही. मंगळवारी बोलतो त्याच आवाजात बोललो. हाताने हवेत भिंत काढून दाखवली. आर्डवेअर म्हणताना माझा आवाज जरासा चढलासुद्धा, ते मला ऐकू आलं. मी थांबलो तेव्हा ती शालीच्या चौकटीवरून बोट फिरवत होती, एका रेघेवरून जाऊन दुसरीवरून परत.

‘म्हणजे सँडीकडेही जागा नाही,’ ती म्हणाली.

‘नाही.’

‘नेटी आहे तिथे.’

‘हो.’

‘नेटीला त्याचं घोरणं सोसायचं नाही.’ ती हसली नाही. ‘दाखव मला.’

मी फोन तिच्यापुढे धरला. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि लॅचीला हात लावला. बोट लागताच फोटो सरकला आणि बसचं वेळापत्रक आलं. मी परत आणून दिला. तिने या वेळी हात मागे घेतला आणि नुसतं बघितलं, पायऱ्यांकडे नाही, माणसांकडेच, एकेकाकडे.

‘किती वाजताचा आहे हा?’

‘सावल्या लांब आहेत. सात, साडेसात असतील.’

‘वीस तारीख. मंगळवार होता.’

‘हो,’ मी म्हटलं. मग विचारलं, ‘तुला कसं माहीत?’

ती खिडकीकडे वळली. ‘आम्ही तिथेच होतो त्या फेअरला. लढाई असली तरी बाबांनी नेलं होतं, मिसेस गिलफिलनच्या माडीवर दोन खोल्या घेतल्या होत्या. शनिवारी घरी आलो तर दारामागे पत्र पडलेलं.’

अकरा वर्षं मी डोंगरांना विचारत हिंडलो, वाऱ्यापावसात. त्या जुलैत तुम्ही कुठे होता, हे या बाईला मी एकदाही विचारलं नव्हतं. फोटोतल्या माणसांसारखंच तिच्यावरही काहीतरी ठेवून बसलो होतो.

‘त्या सकाळी शिपायांनी किनारा बंद केला होता, तारा लावून,’ आई म्हणाली. ‘आईने मला पाव आणायला पाठवलं होतं. आम्ही चार-पाच पोरी तारेशी उभ्या राहिलो बघत. होडीतून उतरत होते, काळी काळी तोंडं करून. आम्हाला काय, हसू येत होतं. त्यातल्या एकाने वर बघितलं आणि हात केला. माझ्याकडेच बघून केला. मला वाटलं, मेला चावटपणा करतोय. मी जीभ काढून दाखवली आणि निघून गेले. पावाची रांग वाढत होती.’ तिने शाल घट्ट ओढली. ‘त्यांना सांगायची बंदी असायची ना रे, कुठे आहेत ते?’

‘हो.’

‘आणि आम्ही कुठे जाणार ते त्याला माहीत होतं. पत्रात लिहिलं होतं मीच.’

बाहेर कुणीतरी मोटार मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज बराच वेळ चालू राहिला. थांबल्यावर आई म्हणाली, ‘तो लॅची नव्हता ना, फर्गस?’

माझ्याकडे होडी होती, सावल्या होत्या, भिंतीची उंची होती. तार कुठे होती ते काढता आलं असतं, अंतरही काढता आलं असतं, आणि त्यातून काहीही सिद्ध झालं नसतं. हात कुणी केला हे कुठल्याच निगेटिव्हमध्ये नव्हतं. ‘नव्हता,’ मी म्हणालो. ‘एवढ्या लांबून तुझं तोंड त्याला दिसलंच नसेल. दोनशे मीटर तरी होतं. मी मोजून सांगतो, आई, तो लॅची नव्हता.’

‘तळ्याचंही तू असंच मोजून सांगितलं होतंस,’ आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि रविवारी येतो असं मी दोनदा म्हटलं तरी ते परत वळवलं नाही.